वर्दाची जागा

बेथ गौझा या गावात वसंताचा सण पाहायला आलेला पाहुणा हमखास एक चूक करतो. निसान महिन्याच्या पहिल्या दिवशी असिरियन लोकांचे नवे वर्ष सुरू होते आणि अक्रोडांच्या झाडांखाली सारे गाव हातात हात धरून रांगेने नाचते. रांगेत सर्वांत पुढे असलेल्या बाईच्या शेजारी एका माणसाएवढी जागा रिकामी दिसते. पाहुणा हौसेने तिथे घुसतो, आणि कोणीतरी हसत त्याच्या दंडाला धरून त्याला शेवटी नेऊन उभे करते. शिवाय ढोलवाला दर फेरीला एक ठोका गाळतो, तोही दर वेळी नेमक्या एकाच पावलावर. मग पाहुणे म्हाताऱ्या इशायाला गाठतात. त्यालाही तेच हवे असते.

इशाया सांगतो ते असे. पहिल्या महायुद्धात डोंगरातली गावे ओस पडली, तेव्हा मर्गानिता नावाची मुलगी धाकट्या बहिणीला, वर्दाला, घेऊन पळत होती. नदी ओलांडताना वर्दाचा हात सुटला. ती बुडाली की कोणी तिला पलीकडे उचलून नेले, हे कधीच कळले नाही. वर्दाचा हात हाती येईपर्यंत नाचात दुसऱ्या कोणाचा हात धरायचा नाही, अशी शपथ मर्गानिताने तेव्हा घेतली म्हणे.

वाचलेली माणसे इथे वसली. पोटापाण्याच्या धबडग्यात सण मागे पडले, आणि मर्गानिता म्हातारी झाली. पुढे तरुणांना आपण कोण, याची ओढ लागली. ओदिशो नावाच्या तरुण मास्तराने शाळेत आपली भाषा शिकवायला घेतली. लोक मुलांना जुन्या राजांची नावे ठेवू लागले. एका आईने सर्गोनला हाक मारली की गल्लीतले सगळेच सर्गोन धावत. सणही पुन्हा सुरू करायचे ठरले. नाचाची चाल लोकांच्या ओठांवर होती, पण पावले मात्र एकट्या मर्गानिताला ठाऊक होती, आणि ती तर उभी राहायलाच तयार नव्हती.

"खाल्ता," म्हणजे मावशी, असे म्हणून ओदिशो विनवायचा, "तुमच्याबरोबर हा नाचही जाईल हो."

"जाऊ दे," ती म्हणायची. पण असे सांगतात, की अशा रात्री तिला झोप येत नसे.

शेवटी पोरांनी शेजारच्या गावची पावले उसनी घेतली. सणाच्या दिवशी मर्गानिता अक्रोड फोडत बसली होती. तिने पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अरे, गुडघा वाकवा! हे काय, द्राक्षे तुडवताय?" बसल्याजागी ओरडून काही जमेना, तेव्हा ती मांडीवरची टरफले झटकून उठली आणि रांगेच्या पुढे गेली. ओदिशोने हात पुढे केला. तिने आपला हात मागे घेतला.

"इथे वर्दा आहे," ती म्हणाली. "तू तिच्या पलीकडे उभा राहा."

शपथ मोडली नाही आणि नाचही वाचला. पण पहिल्याच फेरीत ती मध्येच थबकली, रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. गोंधळून ढोलही थांबला.

"खाल्ता, विसरलात का?" ओदिशोने विचारले.

"नाही रे. तिचे पाय लहान आहेत. आपल्याला गाठायला तिला वेळ लागतो."

आज परदेशात भाड्याच्या हॉलमध्ये बेथ गौझाची नातवंडे नाचतात, तिथेही ही जागा रिकामी ठेवतात. कित्येकांना कारण माहीत नसते. पण त्या पावलाशी पोहोचल्यावर ढोल एक ठोका थांबतो, आणि सारी रांग वर्दासाठी थांबते.