कान्नोनदेवीची पाठवणी

एका राज्यात, उगवतीच्या समुद्रापलीकडे, डोंगर हाच देव होता. त्यावर कुणी पाऊल ठेवीत नसे. पायथ्याच्या लाल तोरणद्वारातूनच लोक हात जोडीत. राजा मिचिहाराला मात्र देव महालात हवा झाला. त्याने मूर्तिकार जोगेनला हुकूम केला, की शिखरावरचा पुरातन देवदार पाड आणि त्यातून अकरा मुखांची कान्नोन, करुणेची देवी, घडव.

तीन वर्षे जोगेन कोरीत राहिला. तशी मूर्ती त्याच्या हातून पूर्वी झाली नव्हती. शेवटी त्याने तिचे डोळे कोरले, आणि त्याच क्षणी राज्याला शाप जडला. कुणाचे पाय थांबेनात. विणकर मागावर बसेना, भिक्षू आसनावर टिकेना, राजा सिंहासनाभोवती घिरट्या घाली. झोप लागे ती चालता चालताच. जोगेनची लेक सायो नुकती बाळंत झालेली. तान्हे उराशी धरून ती अंगणात येरझारा घाली. सातव्या दिवशी तिच्या टाचा फुटून रक्त आले.

"बाबा, मी पडले तर आधी बाळाला उचला," एवढेच ती म्हणाली.

तेव्हा कुंपणावरचा तीन पायांचा कावळा बोलला, "देवीला ठाव नाही, म्हणून कुणालाच नाही. तिला डोंगरावर पोचव. तोरणद्वारात नाव सोड, धबधब्यापाशी सबब सोड. शिखरावरच्या गुहेत काय सोडायचे, ते देवीच सांगेल."

जोगेन महालात गेला. राजाने मूर्ती द्यायला साफ नकार दिला. पण पहारेकऱ्यांचे पायच जागेवर नव्हते. जोगेनने मूर्ती पाठीशी बांधली आणि तो भर दुपारी दरवाजातून बाहेर पडला.

तोरणद्वारातल्या दगडी सिंहांनी विचारले, की ही मूर्ती कुणाची? जोगेनने पटाशी काढली, बैठकीवर कोरलेले आपले नाव तासून टाकले आणि पुढे चालू लागला.

धबधब्यातून नाग वर आला. "देवदार का पाडलास?"

राजाचा हुकूम होता, हे जोगेनच्या ओठांवर आले. ते त्याने गिळले. "लाकडाचा पोत पाहिला आणि मला मोह झाला," तो म्हणाला. पाणी दुभंगले.

शिखरावरच्या गुहेत त्याने मूर्ती उतरवली. अकराही मुखे त्याच्याकडे वळली.

"गुहेच्या तोंडावर शिळा लाव," देवी म्हणाली. "यापुढे मला कुणी पाहणार नाही. तूही नाहीस."

"एकदाच डोळे भरून पाहू द्यावे."

"पाहिलेस, तर पाय थांबणार नाहीत."

जोगेन जागच्या जागी घुटमळत राहिला. आयुष्यात एकच गोष्ट त्याला मनासारखी साधली होती. मग त्याला अंगणातल्या रक्ताच्या खुणा आठवल्या. त्याने पाठ फिरवली, बाहेर येऊन पाठीनेच शिळा रेटली, आणि गुहा मिटली. त्याचे गुडघे वाकले. तो खाली बसला.

त्याच घटकेला सारे राज्य बसले. राजा सिंहासन सोडून भुईवरच टेकला. पुढे डोंगरावर कुऱ्हाड चालू नये, असा हुकूम त्याने तिथूनच दिला.

जोगेन घरी परतला, तेव्हा सायो खांबाला टेकून गाढ झोपली होती. मांडीवरचे बाळ तेवढे जागे राहून पाय झाडीत होते. पाऊल वाजू नये म्हणून जोगेन उंबऱ्याबाहेरच बसून राहिला.

जसे त्या राज्याचे पाय विसावले, तसे ऐकणाऱ्यांचेही विसावोत.