नाक्यापर्यंतची वाट

“पण वस्ताद, माझ्यात जे होतं ते तेजूत कुठाय?”

हमजा वस्ताद तालमीच्या हौद्यातली लाल माती फावड्यानं खालीवर करत होते. मातीत ताक मुरवायचा तो दिवस.

दिगंबर याच झोपडपट्टीतला, याच मातीत लोळून वाढलेला. आता शहराच्या कुस्ती संघाला शिकवायचा. एका पोरीला वर्षभर खुराक आणि सराव मिळणार होता, राहायचं घरीच. नाव आजच द्यायचं होतं. वस्तादांनी कागदावर तेजूचं लिहिलं. चौदा वर्षांची, अंगानं काटक. पण बाप दारूत बुडालेला, आई दिवसभर चार घरच्या धुण्याभांड्याला, शाळा सुटायच्या बेतात. असली पोर टिकायची नाही, म्हणून दिगंबर नाव खोडायला बसला.

“माझाही बाप प्यायचाच की,” तो म्हणाला. “नाक्यावरची पोरं रुमालात पंक्चरचं सोल्युशन ओतून हुंगायची. मी बसलो कधी त्यांच्यात? माझ्या जिद्दीवर वाचलो मी.”

वस्तादांनी फावडं टेकवलं. “जरा नाक्यावर जाऊन ये. कोण कोण बसलंय, बघून सांग. मग खोड.”

नाका म्हणजे गल्लीचं दुसरं टोक. चार ढांगांचं काम.

नळावर इंदुमावशीनं हंडा वाटेतच ठेवला, कुणीकडं निघालास म्हणून. नाका म्हणताच तिचा आवाज चढला. तिथं तुझं काय पुरलंय, असं तिनं साऱ्या बायांदेखत विचारलं. तिथनं सुटला तो जैनूबीच्या हाती सापडला. तिच्या उंबऱ्यात तेजू बसलेली, अर्धी वेणी घातलेली. हीसुद्धा तिकडंच निघाली होती, म्हणून धरून बसवलीय, असं जैनूबी म्हणाली, आणि दिगंबरपुढंही तिनं ताटली सरकवली. खाल्ल्याबिगर उठू देईना. पुढं रावजी न्हावी. मागल्या खेपेला न भेटता गेलास, म्हणत त्यानं खांदा दाबून खुर्चीत बसवलं.

तासाभरानं दिगंबर परतला. कानामागं साबण तसाच.

“कोण बसलं होतं?”

“मी... पोचलोच नाही, वस्ताद.”



दिगंबरनं कागदावरच्या तेजूच्या नावापुढं सही केली. मग गल्लीकडं तोंड करून त्यानं हात जोडले.

वस्तादांनी फावडं उचललं.

“तेव्हा तरी कुठं पोचला होतास, गड्या.”