झिपरूची बिनडिझेलची अ‍ॅम्ब्युलन्स

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात झिपरू नावाचा एक भोळा माणूस होता. तो दवाखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा. सांगितलेलं कधी विसरायचा नाही. पंचाईत तीच होती.

एकदा डिझेलचा तुटवडा पडला. एसट्या बंद झाल्या. नर्सबाया पायी ड्यूटीवर येऊ लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झिपरू, डिझेल जपून वापर. उतार लागला की इंजिन बंद कर."

झिपरूने घाटात इंजिन बंद केलं. ब्रेक लागेना. गाडी सुसाट सुटली ती कडब्याच्या गंजीत घुसूनच थांबली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, उतारावर चाकाला दगड लावावा."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी पाय मोडलेल्या सरपंचांना स्ट्रेचरवरून खाली न्यायचं होतं. झिपरूला उतार दिसला. त्याने चाकाखाली दगड सारला. स्ट्रेचर थांबलं. सरपंच थांबले नाहीत. ते थेट चहाच्या टपरीपर्यंत गेले.

"अरे, माणसाला न्यायचं तर आधी पट्ट्याने घट्ट बांधावं."

"बरं बाई."

मग तालुक्याहून भूल देणारे डॉक्टर आणायचे होते. झिपरू बैलगाडी घेऊन गेला आणि त्यांना बांधून घेऊन आला. वाटेत लोकांना वाटलं, चोर सापडला. दोघा-तिघांनी हात साफ करून घेतले.

बाई आता हळू आवाजात बोलल्या. "झिपरू, ज्याला चालता येतं त्याला चालू द्यावं. ज्याला येत नाही, त्यालाच गाडीत घालून बांधावं."

"बरं बाई. हे आधी सांगायचं."

पुढे वाडीवरच्या सगुणाला कळा सुटल्या. उरलंसुरलं डिझेल ओतून झिपरू तिला घेऊन निघाला. वेशीजवळ गाडीने आचके दिले आणि बंद पडली. सगुणा कण्हत होती. तेवढ्यात कुसुम सिस्टर पायी ड्यूटीवर येताना भेटल्या. त्यांनी गाडीतच बाळंतपण सुखरूप केलं. मुलगी झाली.

"आता कुणाचे तरी बैल आण आणि गाडी ओढून ने," सिस्टर म्हणाल्या.

झिपरू बैल घेऊन आला, तर सगुणा सिस्टरांचा खांदा धरून खाली उतरली होती. विहिरीकडे दोन पावलं टाकत होती. झिपरूने ते नीट पाहिलं. मग बैल जुंपले आणि निघाला. मागून सिस्टर ओरडत होत्या. झिपरूला वाटलं, बैलांना हाकताहेत.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या. त्यांनी गाडी उघडली. स्ट्रेचरवर दुपट्यात गुंडाळलेली, पट्ट्याने अलगद बांधलेली एवढीशी मुलगी. बाकी कुणी नाही.

"झिपरू, हिची आई कुठंय?"

"येतेय मागून," झिपरू म्हणाला. "तिला चालता येतं. हिलाच येत नाही, मी विचारून बघितलं."