धनेशाचा सल्ला

फार वर्षांपूर्वी एका रानात वाघाचं राज्य होतं. झाडांबाबत सल्ला द्यायला त्याने एका म्हाताऱ्या धनेश पक्ष्याला नेमलं होतं.

एकदा हत्तींना पाण्यावर जायला रुंद वाट हवी झाली. मध्ये पाच जुने बेहडे होते. धनेश म्हणाला, "महाराज, आमची पिल्लं त्यांच्याच ढोलीत वाढतात. वाट जरा वळवून घ्या."

"सल्ला मोलाचा आहे," वाघ म्हणाला. आठवड्याभरात चार बेहडे आडवे झाले. धनेशाचा मान राखायचा म्हणून एक तेवढा सोडला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या वाटेसाठी बोलावणं आलं. धनेश थकल्या पंखांनी निघाला.

"ऐकत नाहीत, तरी कशाला जाता?" त्याच्या बायकोने उरलेल्या बेहड्याच्या ढोलीतून विचारलं.

"तू बसलीयेस ते झाड मी गेलो होतो म्हणून उभं आहे," तो म्हणाला आणि उडाला.