दोनशे बारा हात

“दोनशे बारा माणसं होती, चाचा. दोनशे बाराच्या दोनशे बारा हात वर कसे गेले?”

दस्तगीर मुजावर चिंचेचा पाला झाडत होते. दर्ग्याच्या फरशीचा तेवढा कोपरा त्यांनी पुरा झाडला, झाडू भिंतीला टेकवला आणि मग बाईंच्या समोर येऊन बसले.

“तू इचारलंस, म्हनून गेले.”

“हे काय उत्तर झालं?”

चाचा हसले. त्यांच्या मते ते झालं होतं.

डॉ. उज्ज्वला चांदोरकर यांना अशा उत्तरांची सवय नव्हती. त्यांच्या विषयात त्यांचं नाव फार मोठं. एखादी कंपनी एखाद्या गावात येते, तेव्हा तिच्या येण्याने ज्यांचं ज्यांचं बरंवाईट होणार त्या सगळ्यांना विचारायचं कसं आणि त्यांचं म्हणणं धरायचं कसं, यात बाईंनी उभं आयुष्य घातलं होतं. शास्त्रात या लोकांना हितसंबंधी म्हणतात. हितसंबंधी म्हटलं की चांदोरकर, इतकं ते समीकरण पक्कं झालं होतं. पुस्तकं झाली, परदेशातल्या परिषदा झाल्या, सत्कार तर इतके झाले की घरात शालींना कपाट पुरेना.

आणि हे सगळं उभं होतं या एका माळेवाकी गावावर.

पंधरा वर्षांपूर्वी पवनचक्क्यांच्या एका कंपनीला गावचा अर्धा माळ हवा होता. गावाला विचारायचं काम कंपनीने बाईंकडे दिलं. बाईंनी भर दुपारी गाव गोळा केलं ते इथे, दर्ग्याच्या आवारात, या चिंचेखाली. कुठल्याही जातीचा, कुठल्याही आळीचा माणूस बिनदिक्कत येऊन बसेल अशी गावात दुसरी जागा नव्हती. त्यांनी प्रश्न विचारला आणि एकूण एक हात वर गेला. असं कधी कुठे घडलं नव्हतं. पुढे बाईंनी नुसत्या या जागेवर एक प्रकरण लिहिलं आणि त्याला नाव दिलं, ‘सर्वांची जागा’.

माशी शिंकली ती गेल्या महिन्यात. एका परिषदेत बाईंचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून एक तरुण प्राध्यापक उठला.

“मॅडम, जत्रेला तमाशा कुठला आणायचा यावर आमच्या गावाचं एकमत होत नाही. तुमच्या गावाचं माळ देण्यावर कसं झालं?”

सभागृह हसलं. बाईही हसल्या, पण ते हसू घरी पोचेपर्यंत टिकलं नाही. पंधरा वर्षांत हा प्रश्न आपल्याला का पडला नाही, याचीच त्यांना लाज वाटली. मग भीती वाटली. कंपनीने लोकांना गुपचूप काही चारलं असेल का? ते हात विकतचे असतील तर आपण कोण?

त्यात उद्या पुन्हा सभा होती. कंपनीला उरलेला माळ हवा होता. विचारणार बाईच, आणि जागाही हीच. मंडपवाल्याला सांगूनही झालं होतं. म्हणून बाई एक दिवस आधी, कुणाला न सांगता, एकट्या आल्या होत्या.

“चा सांगू?” चाचांनी विचारलं.

“नाही, नाही. चहा नको.”

चाचांनी चटकन मजारीकडे पाहिलं आणि टोपी सारखी केली. बाईंच्या ते लक्षात आलं नाही.

“चाचा, सरळ विचारते. हात वर करायला कंपनीने तेव्हा लोकांना काही दिलं होतं का?”

चाचांनी फरशीवर पडलेलं चिंचेचं एक पान उचललं.

“तुम्हाला काही दिलं होतं?”

चाचा फरशीकडे बघत राहिले...

म्हातारा तोंड उघडत नव्हता, म्हणजे पाणी मुरत होतं. बाईंचा आवाज चढला.

“हो किंवा नाही, एवढंच सांगा ना!”

“तेवढंच तर हितं अवघड हाय, बाई.”

“यात अवघड काय आहे? मी अकरा देशांत हे गाव शिकवलंय. माझे विद्यार्थी हे गाव पाठ करून परीक्षा देतात. मला खरं कळायला नको?”

“कळाय पायजे.”

“मग बोला!”

चाचांनी काठी घेतली, चिंचेच्या बुंध्याचा आधार घेतला आणि दोन प्रयत्नांत उठले. ऐंशी ओलांडलेले गुडघे, त्यांचं आवाज करणं चालूच होतं.

“चल.”

एवढंच म्हणून ते कमानीकडे निघाले.

बाईंना वाटलं, आपल्याला बाहेरची वाट दाखवतोय. कान तापले. राज्याच्या मंत्र्याने ज्यांना दारापर्यंत पोचवलं होतं, त्यांना एक मुजावर फरशीवरून उठवत होता! पण करणार काय? पर्स उचलून त्या निमूट मागे गेल्या.

कमान ओलांडून चाचा रस्त्यावर आले. वैशाखातलं दुपारचं ऊन, नावाला सावली नाही. चाचा थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मागे वळून त्यांनी कमान किती लांब आहे ते पाहिलं, आणखी चार पावलं पुढे झाले आणि काठीवर रेलले.

“हां. आता इचार.”

“काय विचारू?”

“मगाचंच.”

बाईंनी पदर डोक्यावर घेतला. इतका वेळ चढ्या आवाजात विचारलेला प्रश्न आता त्यांच्या तोंडून जेमतेम बाहेर आला.

“तुम्ही... गावाने... पैसे घेतले होते का?”

“न्हाई.”

“कुणीच?”

“कुनीबी न्हाई. कंपनीचा चासुदिक कुनी पिला न्हाई.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. महिनाभर छातीवर बसलेलं ओझं एका शब्दाने उतरलं. त्या रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसल्या आणि चटका बसून तशाच उठल्या.

“मग हे आत सांगायला काय झालं होतं तुम्हाला?” आता त्यांना रागही आला, पण तो सुटलेल्या माणसाचा राग होता.

“आत आमी त्यो शबुद बोलत न्हाई.”

“कुठला?”

“न्हाई.”

बाई बघतच राहिल्या.

“पीरसायबांनी दारात आल्या मानसाला कंदी रिकाम्या हातानं माघारी लावलं न्हाई,” चाचा म्हणाले. “म्हनून त्येंच्या फरशीवर कुनी कुनाला न्हाई म्हनायचं न्हाई. हिंदू असू दे, मुसलमान असू दे, गावात समद्यांना ठावं हाय. तू मगाधरनं धा डाव म्हनलीस. तू पावनी, तुला माफ.”

“आणि तिथे कुणी कुणाकडे काही मागितलं तर?”

“द्यायचं.”

“काहीही?”

“म्हनून तर आमच्यात तितं कुनी मानसाकडं काय मागत न्हाई. पिराकडं मागायचं. शिदबा मेंडक्यानं एकदा तितं एकाची पोरगी मागितली, आपल्या पोरासाठी. मिळाली की! पर गावानं सा म्हैनं त्याला दारात हुबं केलं न्हाई.”

चाचांनी घाम पुसला.

“शिदबाच्या मागनं तितं मागनारी तूच.”

बाईंनी वळून कमानीकडे पाहिलं.

सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. चिंचेची दाट सावली, मांडीला मांडी लावून बसलेलं गाव, आणि मध्ये उभ्या आपण, माळ मागणाऱ्या. कुणाचा कुणावर दाब नको म्हणून गावभर हिंडून हुडकून काढलेली ती जागा. जिथे गावातल्या एकाही माणसाला नकार देता आला नसता, नेमकी तीच त्यांनी निवडली होती. आणि वर त्यावर प्रकरण लिहिलं होतं.

“मला तेव्हाच अडवायचं होतं, चाचा. इथे विचारू नका, असं एकाने तरी म्हणायचं.”

“इचारू नगं म्हननं, ह्ये बी न्हाईच झालं की.”

“मग बाहेर आल्यावर सांगायचं!”

“आलतो. तुझ्या गाडीपातूर आलतो, काठी टेकत. काच वर हुती.”

बाईंना ती गाडी आठवली. आतला गारवा आठवला. मांडीवर कागद होता आणि त्यावरचा आकडा त्या पुन्हा पुन्हा वाचत होत्या. आयुष्यात इतक्या खूश त्या क्वचितच झाल्या असतील. काचेबाहेर कोण होतं, हे मात्र काही केल्या आठवेना.

“माझाबी हात वर हुता,” चाचा म्हणाले. “माळाला तारंचं कुंपान पडलं, चराई बंद झाली. माझी वीस शेरडं हुती, आता दोन ऱ्हायलीत. मेंढरंवाले मेंडके तर गाव सोडून गेले. कुनाला बोल लावनार? हात तर आपुनच वर केला हुता.”

चाचा रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते रागावले नव्हते. लांब माळावर पवनचक्कीचं एक पातं खाली येत होतं, दुसरं वर जात होतं.

“चाचा,” बाईंनी अखेर विचारलं, “उरलेला माळ कंपनीला द्याल?”

“न्हाई.”

कुणी असं तोंडावर तोडून टाकलं की माणूस खट्टू होतो. बाईंना मात्र एकदम हायसं वाटलं. तीस वर्षं लोकांना विचारण्यात गेली होती. लोकांनी माना हलवल्या होत्या, बघू म्हटलं होतं, तुम्ही म्हणाल तसं म्हटलं होतं. इतका सरळ, इतका स्वच्छ नकार त्यांना कुणी दिलाच नव्हता. त्या हसायला लागल्या. भर रस्त्यात, डोक्यावर पदर घेऊन, खो खो हसत सुटल्या. मोटरसायकलवरून चाललेल्या दूधवाल्याने गाडी हळू केली आणि वळून वळून बघितलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी पर्समधून फोन काढला आणि कंपनीच्या अधिकाऱ्याला लावला.

“सबनीस, उद्याची सभा दर्ग्यात घ्यायची नाही. शाळेच्या मैदानात मंडप घाला.”

“मॅडम, तिथे झाड नाही एक. लोक उन्हाने हैराण होतील.”

“म्हणून तर मंडप सांगतेय.”

“पण मागच्या वेळी दर्ग्यातच सगळं एकमताने...”

“म्हणूनच.”

सबनीसांना एकदम मुद्दा सापडला.

“मॅडम, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की. विचारायला सगळ्यात योग्य जागा तीच.”

“पुस्तक चुकलंय,” बाई म्हणाल्या.

महिनाभर ज्याची धास्ती घेतली होती ते दोन शब्दांत सांगून झालं होतं, आणि काहीही कोसळलं नव्हतं.

“आणि उद्या लोक नाही म्हणाले तर?” फोनमधला आवाज बारीक झाला होता.

“तर अहवालात ‘नाही’ असंच लिहीन. त्याखाली माझी सही असेल.”

फोन पर्समध्ये टाकून त्या वळल्या आणि भराभर कमानीकडे निघाल्या.

“कुटं?” चाचांनी विचारलं.

“आत. तुमची माफी मागायचीय मला. पीरसाहेबांसमोर, हात जोडून.”

चाचांनी काठी आडवी धरली.

“तितं नगं.”

बाई थबकल्या. काठीकडे पाहिलं, कमानीकडे पाहिलं... आणि परत रस्त्यावर आल्या. ऊन आता पायाखालूनही लागत होतं. त्यांनी हात जोडले.

“चाचा, मला माफ कराल?”

चाचांनी आडवी काठी पुन्हा जमिनीला टेकवली.

त्यांनी माळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाईंचे जोडलेले हात घामाने ओले झाले, पण त्यांनी ते खाली घेतले नाहीत. कुणाच्या उत्तराची इतकी वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती. उत्तर काहीही येऊ शकलं असतं...

“माझ्यापुरतं केलं, लेकी,” शेवटी चाचा म्हणाले. “बाकीच्यांचं बाकीच्यांना इचार.”