रांजणात ठेवलेला भोवरा

एका राज्यात, सूर्य दोन घटका वर आला असता, भर दरबारात राजा पद्मकेतूचे पाय घोट्यापर्यंत दगड झाले. क्षणापूर्वीच त्याने मुकुट उतरवून कन्या इरावतीच्या माथी ठेवला होता.

कोणी किंचाळले नाही. त्या राज्यात असेच घडे. काम संपले की माणूस दगड होई. कुंभाराचे चाक थांबले की कुंभार दगड. माहुताने अंकुश ठेवला की माहूत दगड. नदीच्या घाटावर अशांच्या रांगा होत्या आणि लोक त्यांच्यावर धुणे वाळत घालत. याला ते नशीब म्हणत. नशीब कसले! सोळावे लागले की आपला छंद मांत्रिक कालदंडाच्या तळघरात रांजणात ठेवायचा आणि कामाला लागायचे, अशी तिथली रीत. म्हातारपणी परत नेऊ, असे जो तो म्हणे. न्यायला कोणी आला नाही. काय ठेवले होते, हेच कोणाला आठवत नसे.

"आबासाहेब, आपण काय ठेवलं होतं?" इरावतीने विचारले.

"बेचाळीस वर्षं राज्य केलं, बाळ. तेवढंच आठवतं."

दगड गुडघ्यापर्यंत आला.

झुंबरावरची साळुंकी म्हणाली, "डोळ्यांपर्यंत चढला की हेही घाटावरच्या रांगेत. तळघर गाठ, पोरी. मुकुट मागाहून मिरव."

तळघरात रांजणच रांजण होते. कालदंड म्हणाला, "तीनच रांजणांना कान लावता येईल."

इरावतीला आठवले: फिर्यादी ऐकताना आबासाहेबांची बोटे अदृश्य दोरी गुंडाळत असत. ती त्याला कंटाळा समजली होती, रागावलीही होती. पहिल्या रांजणात ढोलकी वाजत होती. दुसऱ्यात कोणी शीळ घालत होते. तिसऱ्यात बारीकशी भुणभुण होती. तिने झाकण काढले. आत एक लाकडी भोवरा होता, रंग उडालेला, आणि त्याची दोरी.

ती दरबारात परतली तेव्हा दगड कमरेला भिडला होता.

राजाने भोवऱ्याला दोरी गुंडाळली. पहिल्यांदा फेकला, तो फिरलाच नाही. दुसऱ्यांदा फेकला, तो मंत्र्याच्या नडगीवर बसला.

"महाराज, हे पोरांना शोभतं!"

"मंत्रीबुवा," साळुंकी म्हणाली, "तुमचा रांजण कुठल्या कोपऱ्यात आहे?"

दगड छातीपर्यंत चढला. राजाने तिसऱ्यांदा फेकला. भोवरा लंगडत, वाकडा, पण फिरला. त्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर दगड बोटबोट उतरला.

राजा मोकळा झाला आणि रडला. "हातावर घ्यायचो मी हा. नखावर नाचवायचो. आता जमिनीवरही धड फिरत नाही."

"लोणचं ठेवून मुरतं, महाराज," साळुंकी म्हणाली. " छंद ठेवून मुरत नाही. रांगत्याला हवा, राबत्याला हवा, काठी टेकणाऱ्याला तर हवाच."

"मी कोणाकडे मागितले नव्हते," इरावतीमागून दरबारात आलेला कालदंड पुटपुटला. "सगळे आपणहून ठेवून गेले. काही तर हसत."

इरावतीने पहिलाच हुकूम काढून ती रीत मोडली. रांजण घाटावर आणले, उघडले. माहूत उठला. कुंभार उठला. कोणाची शीळ फुटकी निघाली, कोणाची ढोलकी बेताल. पण घाट माणसांनी भरला आणि शाप सरला, असे जो तो म्हणू लागला.

राजा मात्र थेट घाटाच्या उत्तर टोकाला गेला. तिथे दगड झालेल्या बायका अजून तशाच उभ्या होत्या. त्यांत राणी शीलवती होती. लेक मोठी झाली, आता तुमचं काम संपलं, असे तिला ज्या दिवशी सांगितले, त्याच दिवशी ती दगड झाली होती.

"हिचा रांजण आण," राजा म्हणाला.

"बायकांचे रांजण घडवलेच नव्हते," कालदंड म्हणाला.

"मग हिला काय आवडायचं, ते सांग."

"महाराज, संसार आपण केलात."

राजाने दासींना विचारले. मुदपाकखान्यात विचारले. शेवटी इरावतीकडे पाहिले. इरावतीने मान खाली घातली.

राणी शीलवतीला काय आवडत होते, हे त्या राज्यात आजवर एकानेही सांगितलेले नाही.