मापाआधीचा वाटा

पूर्वी चंपावती नगरात यशोकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी त्याच्या अमात्याच्या कुळात जन्म घेतला होता आणि वडिलांमागे तेच अमात्य झाले होते. राजा मनाचा वाईट नव्हता, पण मापावर त्याचा भारी जीव. ज्या गावाची भाताची रास मोठी ते गाव सुखी, असे त्याने ठरवूनच टाकले होते. ज्या गावाची रास सर्वांत लहान, ते गाव उठवायचे आणि तिथल्या लोकांना मोठ्या राशीच्या गावी राबायला धाडायचे, असा त्याचा दंडक होता.

त्या वर्षी ही पाळी वेणुग्रामावर आली. बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, गाव मोडण्याआधी एकदा मोठ्या राशीच्या गावात आणि वेणुग्रामात जेवून येऊ."

राजाला गंमत वाटली. साधी वस्त्रे नेसून दोघे पायीच निघाले.

मोठ्या राशीच्या गावात पुढल्या पिकाची घाई चालली होती. मान वर करायलाही कुणाला फुरसत नव्हती. ओट्यावर एक आजारी म्हातारा पाण्यासाठी हाका मारून थकला होता. राजाने स्वतःच त्याला पाणी पाजले आणि उपाशीपोटी पुढची वाट धरली.

संध्याकाळी वेणुग्रामात पोचेपर्यंत त्याच्या पोटात कावळे ओरडू लागले. पहिल्याच दारात सोणा नावाच्या म्हातारीने त्याला हात धरून बसवले आणि गरम पेज वाढली. गाव उठणार म्हणून तिचे गाठोडे दाराशी बांधून ठेवलेले होते.

"आजी, ही पेज कुणाच्या वाट्याची?" राजाने विचारले.

"तुझ्याच, बाबा. म्हातारे, आजारी, वाटसरू यांचा वाटा आम्ही राशीला माप लावण्याआधीच काढून ठेवतो."

राजाने वाडगा खाली ठेवला. "तो वाटा राशीत घातला असता, तर गाव वाचलं असतं ना?"

"वाचलं असतं की. पण मग त्यात वाचवण्यासारखं काय उरलं असतं? जेव आधी, पेज निवेल."

राजाने बोधिसत्त्वांकडे पाहिले. ज्या राशीला आपण लहान म्हणालो, ती आपल्याच पेजेने लहान केली होती, हे राजाला कळले आणि त्याचे डोळे भरून आले. वाडगा निपटून त्याने सोणाच्या पायांवर डोके ठेवले.

"आजी, गाठोडं सोड. मी इथला राजा आहे. तुझ्या गावचं मीठ मी विसरणार नाही."

तेव्हापासून त्या राज्यात राजाची माणसे गावात आली की आधी म्हाताऱ्यांची विचारपूस करीत, वाटसरू जेवला का ते पाहत. रास मागाहून मोजली जाई.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. सोणा म्हणजे रोज सकाळी तुमच्या पात्रात पेज वाढते ती वृद्ध उपासिका. अमात्य मीच होतो. खाल्लेल्या घासामागचा हात ओळखणे, हीच कृतज्ञता."